न धुतलेल्या चाळणीचा सूड

मी एक जुनी पिठाची चाळणी आहे, आणि मी मुळीच सालस नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. तुम्ही शाळेत फाटक्या छत्र्यांची आणि पडक्या विहिरींची मनोगतं वाचली असतील. त्या बिचाऱ्या सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तशी नव्हे. मी तीन वर्षं माळ्यावर पडून सूड कसा घ्यायचा याचाच विचार केला. आणि तो घेतला. तो कुणावर जाऊन बसला, ते मात्र शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म हैदराबादेत, अफझलगंजच्या मागच्या गल्लीतला. एका म्हाताऱ्या कारागिराने पत्र्याची पट्टी गोल वळवली, तिच्यावर पितळी तारेची बारीक जाळी ताणली आणि काठाला पत्र्याची दुहेरी घडी घालून ती लाकडी हातोडीने ठोकून ठोकून बंद केली. ही घडी लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

त्या दिवशी बरकतपुऱ्यातली एक नवी सून दुकानात आली. तिचं नाव भामा. तिने मला उचलून उजेडासमोर धरलं आणि एक डोळा मिटून जाळीतून रस्ता पाहिला. कारागीर हसून म्हणाला, "ले जाओ बहू. इत्ती बारीक है कि मैदा भी पूछ के निकलेगा. बस, पानी मत लगाना. पानी लगा तो गई समझो."

भामाने ते शब्द पदराला गाठ मारून घरी नेले. तिच्या स्वयंपाकघरात माझा खिळा ठरला. रोज सकाळी कणीक चाळायची, माझ्या कडेवर तळहाताने तीन थापा मारायच्या, कोरड्या मलमलीच्या फडक्याने मला आतून-बाहेरून पुसायचं आणि खिळ्याला टांगायचं. पाण्याचा थेंब मला कधी लागला नाही. शेजारणी मागायला आल्या तर भामा सरळ सांगायची, "परात न्या, पोळपाट न्या. चाळणी नक्को मागू." सणाला पुरणपोळ्या झाल्या की पाहुणे भामाच्या हाताचं कौतुक करायचे. ते मी माझंच समजून खिळ्यावर बसल्या जागी फुगत असे. चाळीस वर्षं फुगले.

भामाचा मुलगा सुधीर मोठा झाला. पुण्याची अपर्णा सून होऊन आली. ती संगणकाच्या कंपनीत नोकरीला होती आणि पिठाचं पाकीट आणायची. त्या पाकिटातली कणीकसुद्धा भामा माझ्यातूनच चाळायची. म्हणायची, "पाकिटावर काय लिहिलंय ते पाकिटाला ठाऊक. मी माझ्या डोळ्यांनी बघणार." अपर्णा हसायची, पण तीन थापा मारायला तीही शिकली. मग राणी झाली. रांगायला लागल्यापासून ती माझ्याखाली येऊन बसायची. पीठ उडून तिचे केस पांढरे व्हायचे आणि ती टाळ्या पिटायची. आजी, आई आणि राणी या तिघींत मला राणी सर्वांत जास्त आवडायची. हे सांगून ठेवते, कारण नंतर मी जे केलं ते ऐकून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

राणी सहा वर्षांची झाली आणि तिचं पोट दुखू लागलं. पोट फुगायचं, हातपाय काड्या, उंची जिथल्या तिथे. महिनोन्‌महिने तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले की गव्हातलं ग्लुटेन या मुलीला सोसत नाही. गहू बंद. थोडासाही नाही, एक कणही नाही, आणि आयुष्यभर नाही.

दुसऱ्याच दिवशी अपर्णाने स्वयंपाकघर उपसलं. पोळपाट गेला, लाटणं गेलं, परात गेली. मग तिने मला खिळ्यावरून काढलं, खिडकीपाशी नेऊन झटकलं आणि भामाला दाखवून म्हणाली, "बघा आई. रोज हिच्यातूनच विष जात होतं माझ्या पोरीच्या पोटात."

विष! मी चाळलेलं विष! मी भामाकडे पाहिलं. वाटलं, ही आता बोलेल. चाळीस वर्षांची साथ आहे, एक शब्द तरी बोलेल. भामा पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "टाक माळ्यावर."

काळजाची चाळण होते म्हणतात ना, ते कसं असतं हे चाळणीलाही तेव्हाच कळलं. अपर्णाचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला आज कबूल आहे. पण खरं बोलायलाही एक रीत असते. तिने मला माळ्यावर भिरकावलं तेव्हा माझं कडं भिंतीवर आपटलं आणि घडी एका जागी किंचित सैल झाली. तिथेच मी शपथ घेतली की या बाईला एक दिवस रडवीन.

माळ्यावर शेजारी पोळपाट होता. तो म्हणायचा, जाऊ दे, पोरगी बरी झाली ना. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. सोंडे आले, माझ्या जाळीतलं पीठ खाऊन गेले. पण काठाच्या घडीत खोल, जिथे चाळीस वर्षं ना पाणी गेलं ना फडकं, तिथे गव्हाचा थर घट्ट बसला होता. तिथवर सोंड्यांचं तोंड पोचलं नाही. ते माझं हत्यार. मी ते जपून ठेवलं. खाली सुलतान बाजारातून आणलेली नवी स्टीलची चाळणी रोज खणखणायची आणि मी दात-ओठ खायचे.

तीन वर्षांनी एका रविवारी राणी वरच्या मजल्यावरच्या ईशाच्या वाढदिवसाहून परत आली. तिच्या हातात केळं होतं. ते तिने ओट्यावर आपटलं.

"आजी, मला बदला घ्यायचाय."

मी माळ्यावर कान टवकारले. माझ्यासारखं बोलणारं माणूस तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं होतं.

हकीकत अशी होती. पार्टीत सगळ्यांना खुबानीचा मीठा होता. आपल्या हैदराबादेत जर्दाळूला खुबानी म्हणतात. हा मीठा केकवाला होता, म्हणजे खाली मऊ केकचा थर, त्यावर शिजवलेली खुबानी, वर साय. राणीची पाळी आली तेव्हा ईशाची आई शैलाकाकू सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "अगं, राणीला नका देऊ, तिला तो आजार आहे ना. तिला केळं द्या." दोन मुलींनी आपल्या वाट्या राणीपासून लांब सरकवल्या.

"माझ्या बर्थडेला मी सेम तोच मीठा करणार," राणी म्हणाली. "केकवाला. पण गहू झीरो. आणि एकदम लाइट."

"लाइट कशाला गं?" भामाने विचारलं.

"शैलाकाकू प्रत्येक पार्टीत म्हणतात, माझं डाएट आहे, मी गोड खात नाही. जड असलं तर त्या तोंड नाही लावणार. मला त्यांनी खायला पाहिजे. आणि परत मागायला पाहिजे."

"आणि मागितला की?"

"की मी त्यांना केळं देणार."

भामा आधी हसली. मग राणीचं तोंड बघून हसायची थांबली. "हौ," म्हणाली, "देऊ. चांगलं मोठं बघून देऊ."

वाढदिवसाला पंधरा दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून आजी-नात कामाला लागल्या. खुबानी रात्रभर भिजवली आणि तिच्याच पाण्यात मंद शिजवली. साखर नेहमीच्या निम्मी, कारण फळ मुळातच गोड. बिया बत्त्याने फोडून आतले बदाम वेगळे काढले. सायीऐवजी दह्याचा चक्का थोडं दूध घालून हलका फेटला. इथवर छान जमलं. घोडं अडलं केकपाशी. गहू नसला की केक चमच्याला लागताच ढासळतो.

घरकामाला येणारी सत्यवतम्मा म्हणाली, "कोर्रलु डालो अम्मा. हमारे गाँव में सब उसीच का करते." कोर्रलु म्हणजे आपला राळा, एक भरडधान्य. मग तांदूळ आणि राळा दोन्हींचं पीठ ठरलं. चिकटपणासाठी राणीने मोबाइलवर वाचून सांगितलं की इसबगोल चालतं. भामा दचकली. "ते माझ्या पोटाचं औषध आहे गं!" तरी तिने आपला डबा पुढे केला, आणि खरंच केक ढासळला नाही.

पण तो खाताना दाताखाली वाळूसारखा कचकचला. गिरणीत गहू दळतात, म्हणून गिरणीचं पीठ या घरात बंद होतं. घरच्या मिक्सरवर राळा बारीक होईना, आणि स्टीलच्या चाळणीची भोकं ही एवढाली. राणीने घास बाहेर काढला. भामाने स्टीलच्या चाळणीकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि हळूच मान वर केली. माळ्याकडे.

मित्रांनो, माझी तार न्‌ तार ताठ झाली.

अपर्णा ऑफिसात होती. सत्यवतम्मा स्टुलावर चढली आणि तिने मला खाली दिलं. भामाने मला उजेडासमोर धरलं. "काय जाळी आहे! आता मिळते का अशी?"

"पानी से धो लो अम्मा. कित्ते साल की है," सत्यवतम्मा म्हणाली.

"चाळणीला पाणी लावू नये गं. कोरडी खडखडीत पुसली की झालं."

आणि तिने पुसलं. आत, बाहेर, काठाला. घडीच्या आत बघायचं तिला सुचलं नाही, कारण चाळीस वर्षांत ते कधी लागलंच नव्हतं. मग पीठ घातलं आणि तळहाताने तीन थापा मारल्या. मी घडीतला थर सोडू लागले. पांढऱ्या पिठात कुणाला न दिसेल एवढी गव्हाची भुकटी पडत गेली. मला त्या वेळी फक्त अपर्णाचं तोंड दिसत होतं, रडवेलं.

केक कापसासारखा झाला. राणीने दोन तुकडे खाल्ले आणि स्वयंपाकघरभर नाचली. मग तिने मला उचललं. "ही कुठे होती इतके दिवस?"

"माळ्यावर टाकली होती. गव्हाची म्हणून."

"म्हणजे हिलापण सगळ्यांसमोर केळं दिलं," राणी म्हणाली आणि तिने मला गालाशी धरलं.

मला तेव्हा बोचलं. पण केक तिच्या पोटात गेला होता.

तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. माझा जुना खिळा दाराआड होता. भामाने मला तिथेच टांगलं होतं, आणि भिंतीपलीकडे राणीची खोली. मला सगळं ऐकू येत होतं. ती पोट धरून कण्हत होती आणि मधेच विचारत होती, "आजी, बर्थडे कॅन्सल नाही ना होणार?" दोन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही टिकलं नाही.

अपर्णाने रजा काढली. एकेक पाकीट उलटंपालटं करून वाचलं. "आई, नक्की काय काय घातलं होतं?" भामाने सगळं सांगितलं. तांदूळ, राळा, खुबानी, दही, इसबगोल. ती काही लपवत नव्हती. चाळणी म्हणजे काही जिन्नस नव्हे, म्हणून ती तिच्या यादीत आलीच नाही.

तेव्हा अपर्णा ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. "माझंच चुकलं. मी दिवसभर बाहेर. मी बघायला हवं होतं." आणि ती रडली. माझ्यापासून दोन हातांवर, अगदी जशी मला हवी होती तशी. तीन वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती. मला वाटलं होतं, मजा येईल. मला दाराआड तोंड लपवायला जागा उरली नाही. ज्या मुलीने मला गालाशी धरलं तिच्यावर मी वार केला होता, आणि जिला रडवायचं ती स्वतःलाच दोष देत होती.

अपर्णाने सांगून टाकलं की केक नाही, वाढदिवसाला फळं कापू. अंथरुणातून राणी म्हणाली, "म्हणजे परत केळं." एवढंच. तिचा चेहरा पाहून अपर्णाचा निश्चय दोन दिवसही टिकला नाही. जुनं सगळं पीठ तिने फेकलं. नवा तांदूळ, नवा राळा स्वतः निवडला, धुतला, वाळवला, दळला. वाढदिवसाच्या सकाळी सगळं ओट्यावर मांडून ती आंघोळीला गेली. जाताना म्हणाली, "आई, पीठ तेवढं चाळून ठेवा."

भामाने दाराआडून मला काढलं.

मित्रांनो, मी किती ओरडले म्हणून सांगू! पण चाळणीचा आवाज कुणाला ऐकू जातो? राणी म्हणाली, "मी चाळते." तिची मनगटं आजारपणाने आणखी बारीक झाली होती. तिने मला दोन्ही हातांनी धरलं. भामा म्हणाली, "तीन थापा मार."

पहिली थाप पडली. मी घडी आवळून धरली. दुसरी थाप पडली. मी पत्र्याची, किती आवळणार? तेव्हा मला सुचलं की थोडं थोडं सांडलं तर कुणाला दिसणार नाही. सगळं एकदम सांडलं, तर दिसेल. तिसऱ्या थापेला, माळ्यावर आपटून सैल झालेल्या जागी, मी स्वतःला सोडून दिलं. टक्‌ असा आवाज झाला, घडी उघडली, जाळी एका बाजूने लोंबली, आणि आतला तपकिरी थर पापुद्रे पापुद्रे होऊन पांढऱ्या पिठावर पडला.

जुना पत्रा कधी ना कधी सुटतोच, असं कुणी म्हणेल. म्हणो. मला ठाऊक आहे मी काय केलं.

"आजी, हे काय?"

भामाने एक पापुद्रा बोटांत चुरला. हुंगला. जिभेला लावला. तिचं तोंड पांढरं पडलं. "गहू," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "हात धू राणी. आधी साबणाने हात धू."

तिला पीठ कचऱ्यात टाकून मला खिडकीबाहेर भिरकावता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण तिने मोठ्याने हाक मारली, "अपर्णा!"

अपर्णा ओल्या केसांनी धावत आली. भामाने मला तिच्यासमोर धरलं. "पोरीला मी आजारी पाडलं. ही मी काढली माळ्यावरनं. धुतली नाही. सत्यवतम्मा सांगत होती, धू म्हणून. मी ऐकलं नाही."

अपर्णाने माझ्याकडे पाहिलं. आता माझे तुकडे होणार, हे मी धरून चालले. तिने मला भामाच्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी हिला विष म्हणाले. तुम्हाला फार लागलं होतं ना, आई?"

"लागलं होतं," भामा म्हणाली. "चाळीस वर्षं मी पोरांना खाऊ घातलं, आणि तू विष म्हणालीस. मी गप्प बसले. पण मनातनं गेलं नाही. म्हणूनच काढली असेल हिला. तुला दाखवायला, की बघ, माझीच कामाला आली."

मी इतके दिवस समजत होते की माळ्यावर मी एकटीच जळते आहे. खाली भामाही जळत होती, आणि मला पत्ता नव्हता.

अपर्णाने डोळे पुसले. "तुम्ही मला तेव्हाच बोलून दाखवायचं होतंत. आणि मीही नीट बोलायला हवं होतं." मग ती पदर खोचून कामाला लागली. ते पीठ गेलं, ओटा तीनदा धुतला गेला, उरलेले तांदूळ आणि राळा पुन्हा दळले. चाळायला अपर्णाने कपाटातून मलमलीची कोरी ओढणी काढली, उकळत्या पाण्यातून काढून इस्त्रीने वाळवली. एक टोक तिने धरलं, एक भामाने. पीठ वस्त्रगाळ झालं. माझ्या जाळीतून कधी पडलं नाही इतकं बारीक. मला ते बघवेना, आणि नजरही हटेना.

संध्याकाळी मुली आल्या. शैलाकाकूही आल्या. "मला अगदी चमचाभर गं, माझं डाएट आहे." चमचाभर खाल्ला. मग वाटी पुढे ओढली. "अय्या, किती हलकं आहे! कुठल्या बेकरीचा?" वाटी चाटूनपुसून संपली. "राणी, अजून थोडा आण ना."

राणी आत गेली. कागदाच्या बशीत केळं ठेवून दोन्ही हातांनी बाहेर घेऊन आली.

"काकू, तुम्हाला केळं."

दोन मुली आपल्या वाट्यांकडे बघत राहिल्या. अपर्णा पुढे व्हायला निघाली, भामाने तिचा हात धरला. शैलाकाकू आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग लाल. राणी तशीच बशी धरून उभी होती, नजर न हलवता. अखेर काकूंनी केळं घेतलं, सोललं आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या शेवटपर्यंत खाल्लं. "त्या दिवशी मी असं बोलायला नको होतं राणी," त्या म्हणाल्या. "चुकले मी."

राणीने थोडा विचार केला. मग आत जाऊन त्यांच्यासाठी वाटी भरून आणली, आणि वर खुबानीचे दोन बदाम जास्त घातले.

तो खरा सूड, मित्रांनो! उजेडात घेतलेला, ज्याने केलं त्याच्याच हातात ठेवलेला, आणि संपलेला. माझा सूड अंधारात साठवलेला होता, म्हणून तो भलत्याच माणसाच्या ताटात पडला.

आता माझी जाळी तारेने टाचली आहे आणि गच्चीवर सत्यवतम्मा माझ्यातून कुंड्यांची माती चाळते. स्टीलची चाळणी अजून मला आवडत नाही. तेवढं राहू द्या.

तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. त्यांना बाजूला करावं लागलं तर करा, पण करताना दोन शब्द बरे बोला. आणि कुणी तुमच्यावर वार केला, तर राग वरवर पुसून खिळ्याला टांगू नका. तो घडीत जाऊन बसतो. गच्चीवर आणल्यावर सत्यवतम्माने मला पहिल्यांदा नळाखाली धरलं, तेव्हा मी मरणार म्हणून डोळे मिटले होते. राणी लांब दारात उभी राहून बघत होती. पहिलं पाणी तपकिरी गेलं. दुसरं गढूळ गेलं. "सत्यवतम्मा, और एक बार," राणी म्हणाली, आणि तिसरं पाणी नितळ आलं.